नमुना, दर आणि पात्रता : सार्वजनिक रुग्णालयांच्या साधनपुरवठ्याचा इतिहास

(१)

रुग्णालयांचा इतिहास लिहिताना वैद्य, रोग आणि वास्तू या तिहींकडे अभ्यासकाचे लक्ष सहज जाते. भांडाराकडे मात्र क्वचितच जाते. शस्त्रक्रियेच्या टेबलावरील चिमटा तेथवर कोणत्या वाटेने आला, तो कोणी घडविला, कोणी निवडला आणि निवडताना पुरवठादाराकडून कोणता पुरावा मागितला, हे प्रश्न हिशेबनिसाचे मानले जातात, इतिहासकाराचे नव्हेत. वस्तुतः सार्वजनिक रुग्णालयात येणारा रुग्ण आपल्यासाठी वापरले जाणारे साधन स्वतः निवडीत नसतो. त्याच्या वतीने शासन निवड करते आणि ती निवड कागदावर, त्याच्या पश्चात, बहुधा तो आजारी पडण्याच्या कितीतरी आधी झालेली असते. म्हणून पुरवठादाराची पात्रता कशी ठरविली गेली हा प्रश्न अखेरीस रुग्णाच्या जीविताचा प्रश्न ठरतो.

भारतातील या व्यवहाराचा मागोवा घेतल्यास असे दिसून येते की, पुरवठादाराने सिद्ध करावयाची गोष्ट काळागणिक बदलत गेली आहे. प्रारंभी त्याला नमुना दाखवावा लागे. पुढे दर सांगावा लागे. त्यानंतर स्वतःची पात्रता सिद्ध करावी लागू लागली. आणि अलीकडे साधन वर्षानुवर्षे चालू ठेवण्याची हमी द्यावी लागते. या स्थित्यंतराची कारणे व परिणाम तपासणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

(२)

या व्यवहाराची मराठी परिभाषा स्वतःच एक ऐतिहासिक साधन आहे. ‘नमुना’ हा शब्द फारसीतून आला. ‘करार’, ‘जामीन’ आणि ‘मक्ता’ हे अरबी मूळ असलेले शब्द फारसीच्या द्वारे दप्तरी मराठीत स्थिरावले. ‘लिलाव’ हा पोर्तुगीजांच्या संपर्कातून मिळाला. देण्याघेण्याच्या व्यवहारातील हे जुने शब्द दोन माणसांमधील विश्वासाची व्यवस्था सांगतात: एक माणूस वस्तू दाखवितो, दुसरा ती पारखतो, तिसरा जामीन राहतो.

‘मक्ता’ या शब्दाचा अर्थविकास येथे विशेष लक्षणीय आहे. ठराविक रकमेवर एखादे काम किंवा उत्पन्न पत्करणे असा त्याचा मूळ व्यवहारार्थ. परंतु त्यापासून बनलेल्या ‘मक्तेदारी’ला आजच्या मराठीत एकाच्याच हाती सर्व व्यवहार असणे असा अर्थ आला आहे. कराराचा शब्द एकाधिकाराचा शब्द झाला, हा केवळ भाषिक योगायोग नव्हे. एका वस्तूसाठी एकच पुरवठादार निवडणाऱ्या प्रत्येक व्यवस्थेत हा धोका अंगभूत असतो.

याउलट ‘निविदा’, ‘विनिर्देश’ आणि ‘पात्रता’ हे शब्द संस्कृतोद्भव असून अर्वाचीन शासनव्यवहाराचे आहेत. ‘निविदा’ ही ‘विद्’ या धातूशी संबद्ध. जे कळविले, निवेदन केले, ते. ‘पात्र’ या शब्दाला तर भांडे व लायक असे दोन्ही अर्थ आहेत. जे धारण करू शकते ते पात्र. या दुसऱ्या शब्दसमूहात माणसाच्या ओळखीपेक्षा कागदावरील विधानाला महत्त्व आहे. सार्वजनिक खरेदीचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी पहिल्या शब्दसमूहाकडून दुसऱ्याकडे झालेला प्रवास होय.

(३)

ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानीत मद्रास, मुंबई व कलकत्ता या तिन्ही इलाख्यांत औषधभांडारे होती. सैन्याच्या गरजा हे त्यांचे प्रथम प्रयोजन होते. शस्त्रक्रियेची हत्यारे व बहुतेक औषधे इंग्लंडहून येत. येथून मागणीपत्र समुद्रमार्गे लंडनला जाई, तेथील भांडारखाते माल खरेदी करी आणि तो पुन्हा समुद्रमार्गे परत येई. या व्यवस्थेत हिंदी कारागिराला पुरवठादार म्हणून उभे राहण्यास जागाच नव्हती. त्याचा नमुना पाहणारा अधिकारी सहा हजार मैलांवर बसलेला होता.

तरीही कारागिरी मागे राहिली नाही. पंजाबातील सियालकोटचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील मिशन रुग्णालयाची हत्यारे दुरुस्त करण्याचे काम स्थानिक लोहारांकडे येऊ लागले. दुरुस्तीतून नक्कल आणि नकलेतून निर्मिती असा तो क्रम होता. दुसऱ्या महायुद्धात या गावाने दोस्त राष्ट्रांच्या सैन्यासाठी शल्यसाधने पुरविली. १९४७ च्या फाळणीने सियालकोट पाकिस्तानात गेले आणि भारतातील सार्वजनिक रुग्णालये एका सिद्ध पुरवठाकेंद्राला मुकली.

लंडनमधील खरेदीविरुद्ध हिंदी उद्योजकांची तक्रार जुनी होती. पहिल्या महायुद्धात सागरी वाहतूक विस्कळित झाली तेव्हा सरकारलाही तिचे महत्त्व पटले. सर थॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखालील औद्योगिक आयोगाने (१९१६–१८) भारतातच खरेदीखाते स्थापण्याची आवश्यकता प्रतिपादिली आणि १९२२ मध्ये ‘इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट’ अस्तित्वात आले. १९३० च्या सुमारास स्वीकारलेल्या ‘रुपया-निविदा’ धोरणाने निविदा रुपयांत आणि माल भारतात पोचता करण्याच्या बोलीवर मागविण्यास आरंभ झाला. चलनाचा हा बदल वरवर लहान दिसतो. परंतु त्याने देशी व विदेशी पुरवठादार प्रथमच एका मापावर आले. खरेदीखात्याचे स्वतःचे निरीक्षक व परीक्षणगृह होते. माल पाहावा, कसाला लावावा आणि मग पैसे द्यावेत, हे तत्त्व येथे शासनव्यवहारात रुजले.

औषधांच्या गुणवत्तेचा प्रश्न याच सुमारास स्वतंत्रपणे पुढे आला. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या समितीने (१९३०–३१) बाजारातील भेसळ व निकृष्टता यांची दखल घेतली आणि १९४० मध्ये औषधांविषयीचा केंद्रीय कायदा संमत झाला. परंतु या कायद्याच्या दृष्टीने सुई, नळी, चिमटा किंवा यंत्र ही ‘औषधे’ नव्हती. पुढील सुमारे अर्धशतक उपकरणांच्या गुणवत्तेचा भार कायद्याने नव्हे, तर खरेदीदाराच्या नमुनापरीक्षेने वाहिला.

(४)

स्वातंत्र्यानंतर, १९५१ मध्ये, केंद्रीय खरेदीयंत्रणेला ‘पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय’ हे रूप मिळाले. या काळाचे प्रमुख साधन म्हणजे दरकरार. एखाद्या वस्तूचा दर मध्यवर्ती यंत्रणेने ठराविक मुदतीसाठी निश्चित करावयाचा आणि निरनिराळ्या कार्यालयांनी त्या दराने थेट पुरवठा-आदेश द्यावयाचे, अशी ही पद्धती. महाराष्ट्रात उद्योग संचालनालयाच्या मध्यवर्ती भांडार खरेदी संघटनेचे दरकरार याच जातीचे होत.

या पद्धतीचे लाभ उघड आहेत. प्रत्येक रुग्णालयाला स्वतंत्र निविदा काढावी लागत नाही. दरांत मेळ राहतो. लहान रुग्णालयालाही मोठ्या खरेदीदाराचा दर मिळतो. परंतु तिच्यात दोन व्यंगे होती. दरकराराने दर बांधला जातो, परिमाण बांधले जात नाही. किती माल उचलला जाईल हे ठाऊक नसताना पुरवठादाराला दर सांगावा लागतो; म्हणून सावध पुरवठादार दरात जोखमीची भर घालतो आणि धाडसी पुरवठादार प्रथम दर पाडून नंतर मालात काटकसर करतो. दुसरे व्यंग देयकांच्या विलंबाचे. दर एका कार्यालयाने ठरविलेला, माल दुसऱ्याने घेतलेला आणि पैसे तिसऱ्याने द्यावयाचे, अशा रचनेत पुरवठादाराचे बिल महिनोन्महिने अडकून पडणे अटळ असते. ज्याच्याजवळ दीर्घकाळ थांबण्याइतके भांडवल नाही, असा चांगला कारखानदार या व्यवहारातून हळूहळू बाहेर पडतो. मागे राहतात ते मोठे व्यापारी, आणि थांबण्याचा खर्च मालातून वसूल करणारे.

‘सर्वांत कमी दर’ हा या काळाचा निर्णायक निकष झाला. तो अप्रामाणिकपणातून आला नव्हता, हे लक्षात घेणे आवश्यक आहे. लेखापरीक्षकासमोर कमी दराचे समर्थन करावे लागत नाही. गुणवत्तेचे करावे लागते. दर हा आकडा आहे, गुणवत्ता हा अभिप्राय आहे. आणि ज्या व्यवस्थेत अधिकाऱ्याच्या अभिप्रायाकडे संशयाने पाहिले जाते, तेथे तो आकड्याच्या आश्रयाला जातो.

(५)

या आश्रयाची किंमत १९८६ मध्ये मुंबईत चुकवावी लागली. सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालयात त्या वर्षाच्या जानेवारी-फेब्रुवारीत ग्लिसरीन दिल्या गेलेल्या १४ रुग्णांचा मृत्यू झाला. मेंदूवरील वा डोळ्यातील दाब उतरविण्यासाठी ग्लिसरीन देण्याची वैद्यकीय प्रथा होती. परंतु रुग्णालयात आलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य होते. हे द्रव्य मूत्रपिंडे निकामी करते. त्याची घातकता वैद्यकाला अज्ञात नव्हती: १९३७ मध्ये अमेरिकेत याच द्रव्याने शंभराहून अधिक बळी घेतले होते आणि त्यातूनच तेथील १९३८ चा औषधकायदा जन्मला होता. अर्धशतकापूर्वीचा धडा मुंबईतील भांडारापर्यंत पोचला नव्हता.

मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने १९८७ मध्ये अहवाल दिला. त्याचे ऐतिहासिक महत्त्व एवढ्यापुरते नाही की त्याने रुग्णालय, औषध-प्रशासन आणि मंत्रिपातळी या सर्वांवर कठोर ताशेरे ओढले. खरेदी, परीक्षण व नियंत्रण या तीन स्वतंत्र समजल्या जाणाऱ्या कड्या प्रत्यक्षात परस्परांवर विसंबून होत्या, हे त्यातून उघड झाले. खरेदी करणाऱ्याने गृहीत धरले की परवाना देणाऱ्याने पाहिले असेल. परवाना देणाऱ्याने गृहीत धरले की घेणारा तपासून घेईल. वापरणाऱ्याने गृहीत धरले की भांडारात आलेली बाटली तपासूनच आली असेल. प्रत्येकाच्या दप्तरात कागद होता. बाटलीत काय आहे, हे मात्र वेळेवर कोणीच पाहिले नाही.

येथे ‘नमुना’ या शब्दाची मर्यादा स्पष्ट होते. नमुना हा निवडीच्या दिवशीचा पुरावा आहे. पुरवठ्याच्या दिवसाचा नव्हे. निविदेसोबत आलेली बाटली आणि सहा महिन्यांनी आलेली बाटली यांवर नाव एकच असले, तरी त्या एकच वस्तू असतात असे नाही.

(६)

या प्रश्नाला एक सुसूत्र उत्तर दक्षिणेतून आले. तामिळनाडू वैद्यकीय सेवा महामंडळाची स्थापना १९९४ मध्ये झाली व जानेवारी १९९५ पासून त्याने कार्यास आरंभ केला. त्याच्या उभारणीत त्या राज्याचे प्रशासकीय अधिकारी आर. पूर्णलिंगम यांचा वाटा मोठा होता. महामंडळाने प्रथम औषधांचा व पुढे शल्यसाहित्याचा आणि उपकरणांचा व्यवहार हाती घेतला.

त्याची पद्धती थोडक्यात अशी. निविदा दोन लिफाफ्यांत घ्यावयाची. पहिल्या लिफाफ्यात पुरवठादाराची पात्रता: उत्पादनाचा परवाना, चांगल्या उत्पादनपद्धतीचा दाखला, बाजारातील अनुभव, उलाढाल. दुसऱ्यात केवळ दर. पहिल्या लिफाफ्यात जो टिकला नाही त्याचा दुसरा लिफाफा उघडावयाचाच नाही. माल जिल्ह्याच्या गोदामात आल्यावर प्रत्येक घाण्यातून नमुने काढून, त्यांवरील उत्पादकाची ओळख झाकून, ते सांकेतिक क्रमांकाने प्रयोगशाळेत पाठवावयाचे. परीक्षणात उतरल्यावरच माल रुग्णालयाला द्यावयाचा व बिलाची पूर्तता करावयाची. न उतरल्यास तो परत, आणि दोष पुन्हा आढळल्यास पुरवठादार काळ्या यादीत. प्रत्येक रुग्णालयाला खातेपुस्तिका असे. तीत नोंदलेल्या रकमेच्या मर्यादेत ते आपल्या गरजेनुसार माल उचले.

या व्यवस्थेतील नवीनता दोन लिफाफ्यांत नव्हती. ती कालक्रमात होती. पात्रतेचा विचार दराच्या आधी, परीक्षा वाटपाच्या आधी आणि निकालानंतर विनाविलंब देयक, हा क्रम तिने पक्का केला. वेळेवर मिळणारे पैसे हा उपकार नसून गुणवत्तेचे साधन आहे हे तिने ओळखले: ज्याला पैसे वेळेवर मिळतील याची खात्री असते, तो थांबण्याची किंमत दरात मिसळत नाही. केरळ (२००७) आणि राजस्थान (२०११) यांनी पुढे हाच मार्ग अनुसरला.

महाराष्ट्राची वाट अधिक वळणाची झाली. आरोग्यखाते, वैद्यकीय शिक्षणखाते, जिल्हा परिषदा व महानगरपालिका यांच्या खरेद्या दीर्घकाळ पृथक् राहिल्या. २०१७ मध्ये राज्याने आपली वैद्यकीय खरेदी परळच्या हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे सोपविली. लसनिर्मितीची परंपरा असलेल्या संस्थेवर खरेदीचे नवे काम आले. परंतु लस तयार करणे आणि दुसऱ्याने तयार केलेल्या सहस्रावधी वस्तू निवडणे ही भिन्न कौशल्ये होत. २०२३ च्या अधिनियमाने महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन झाले, ही त्या अनुभवाचीच परिणती म्हणता येईल.

(७)

महामंडळाच्या पद्धतीने औषधांचा प्रश्न बराचसा सुटला. उपकरणांचा सुटला नाही, कारण पहिल्या लिफाफ्यात मागावयाचा परवानाच बहुसंख्य उपकरणांच्या बाबतीत अस्तित्वात नव्हता. १९८९ मध्ये एकदा वापरून टाकावयाच्या सुया व पिचकाऱ्या आणि २००५ मध्ये हृदयझडपा, स्टेंट, नेत्रभिंगे, अस्थिरोपणे इत्यादी काही वस्तू ‘औषध’ या संज्ञेखाली आणल्या गेल्या. उर्वरित उपकरणांसाठी अनेक निविदांत अमेरिकन किंवा युरोपीय प्रमाणपत्राची अट घालण्यात येई. कायद्याची उणीव परक्या कायद्याने भरून काढण्याचा हा प्रकार होता. त्याने रुग्णाला काही अंशी संरक्षण मिळाले. परंतु जो देशी कारखानदार केवळ देशातच माल विकत होता, त्याला परदेशी बाजारासाठीचे खर्चिक प्रमाणपत्र मिळविल्यावाचून आपल्याच देशाच्या रुग्णालयात प्रवेश मिळेना. लंडनच्या भांडारखात्याचा काळ निराळ्या वेषात परत आल्यासारखे झाले.

वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून अमलात आले आणि ही स्थिती पालटली. उपकरणांचे जोखमीनुसार चार वर्ग झाले: जीभ दाबण्याची पट्टी ‘अ’ वर्गात, इंजेक्शनची सुई ‘ब’ मध्ये, श्वसनयंत्र ‘क’ मध्ये, हृदयझडप ‘ड’ मध्ये. पहिल्या दोन वर्गांच्या उत्पादनाचा परवाना राज्याकडे, नंतरच्या दोहोंचा केंद्राकडे. फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने १ एप्रिल २०२० पासून सर्वच उपकरणे कायद्याच्या कक्षेत आली. ‘अ’ व ‘ब’ वर्गांना ऑक्टोबर २०२२ पासून आणि ‘क’ व ‘ड’ वर्गांना ऑक्टोबर २०२३ पासून परवाना अनिवार्य झाला. चिमटा कायद्याने ‘औषध’ ठरला, ही संज्ञेची ओढाताण भाषेच्या दृष्टीने विचित्र वाटेल. परंतु १९४० च्या कायद्यात सुटलेली जागा अशा रीतीने ऐंशी वर्षांनी भरली गेली.

खरेदीची यंत्रणाही याच सुमारास बदलली. ऑगस्ट २०१६ मध्ये शासकीय ई-बाजारपेठ सुरू झाली आणि ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय बंद करण्यात आले. २०१७ च्या आदेशाने देशी उत्पादनास प्राधान्य मिळाले. २०१२ च्या धोरणाने लहान उद्योगांना बयाणा रकमेतून सूट व खरेदीत राखीव हिस्सा दिलेलाच होता.

या सर्वांचा पुरवठादाराच्या सिद्धतेवर झालेला परिणाम मूलगामी आहे. सर्वसाधारण वित्तीय नियमांनुसार निविदा भरण्यास सामान्यतः किमान तीन आठवड्यांची मुदत असते. या अवधीत बयाणा भरता येतो, दर काढता येतो, कागद जुळविता येतात. परंतु उत्पादनाचा परवाना, गुणवत्ता-व्यवस्थेचे आयएसओ १३४८५ प्रमाणपत्र, परीक्षण-अहवाल, वापराच्या सुरक्षिततेचा वैद्यकीय पुरावा यांपैकी एकही गोष्ट तीन आठवड्यांत निर्माण होत नाही. त्यामुळे पुरवठ्याची खरी तयारी निविदेच्या आधी एक-दोन वर्षे सुरू व्हावी लागते. पूर्वी निविदा ही प्रारंभ होती. आता ती आधीच झालेल्या सिद्धतेची तपासणी झाली आहे. ‘निविदा’ या शब्दाचा धात्वर्थ, जे आहे ते कळविणे, येथे प्रथमच यथार्थ ठरतो. जे नाही ते कळविणाऱ्याला या रचनेत जागा नसावी, हा तिचा हेतू आहे. कागद भरण्याचीच एक नवी कला त्यातून निर्माण होऊ शकते, हा तिचा धोका आहे.

(८)

उपकरण हे आणखी एका बाबतीत औषधाहून वेगळे आहे. औषध रुग्णाला दिले की पुरवठा संपतो. यंत्र बसविले की पुरवठा सुरू होतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या देखभाल कार्यक्रमासाठी झालेल्या मोजणीत २९ राज्यांतील २९,११५ आरोग्यसंस्थांत ७,५६,७५० उपकरणे नोंदली गेली. त्यांची किंमत सुमारे ४,५६४ कोटी रुपये होती. राज्याराज्यांत त्यांपैकी १३ ते ३४ टक्के उपकरणे बंद अवस्थेत आढळली. ही उपकरणे निविदेतील विनिर्देशांनुसारच घेतलेली, पोचती झालेली व हिशेबात चढलेली होती. खरेदीच्या दृष्टीने व्यवहार पूर्ण होता. रुग्णाच्या दृष्टीने तो झालाच नव्हता. म्हणून या कार्यक्रमाने यंत्र किती काळ चालू राहिले हेच माप मानले: जिल्हा रुग्णालयात ९५ टक्के, ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर ९० टक्के, प्राथमिक केंद्रात ८० टक्के.

२०२०–२१ च्या महासाथीने हाच धडा तीव्रतेने शिकविला. घाईने खरेदी झालेली श्वसनयंत्रे मराठवाड्यातील रुग्णालयांत नीट चालत नसल्याचा प्रश्न मे २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे आला. संकटकाळी खरेदी त्वरित होऊ शकते. बसवणी, प्रशिक्षण व दुरुस्ती यांची साखळी त्वरित निर्माण होत नाही. ती शांततेच्या काळातच बांधून ठेवावी लागते.

या इतिहासातून एक निष्कर्ष निघतो. नमुना, दर आणि पात्रता हे तीन निकष एकामागून एक आले, परंतु नंतरच्याने आधीच्याला रद्द केले नाही; जेथे एकाने दुसऱ्याची जागा घेतली, तेथे हानी झाली. १९८६ मध्ये दराने परीक्षेची जागा घेतली होती. उद्या परवान्याने ती जागा घेतली, म्हणजे परवाना आहे म्हणून घाण्याची तपासणी नको असे मानले गेले, तर लेंटिन आयोगाने दाखविलेली परस्परावलंबी गृहीतांची साखळी पुन्हा जुळेल. कागदावरील पात्रता आणि धारण करण्याचे सामर्थ्य, हे ‘पात्र’ या शब्दाचे दोन अर्थ भाषेने एकत्र ठेवले आहेत. खरेदीव्यवस्थेने त्यांची फारकत केली की तिचा भुर्दंड पडतो तो निविदेवर सही न केलेल्या, खाटेवर पडून असलेल्या तिसऱ्या माणसावर.